येळवशीची सही

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

निवृत्ती सर म्हणाले म्हणून ही डायरी. खताच्या कंपनीनं दिलेली, दुकानात पडून होती. सर नांदेडला कॉलेजात शिकवतात, तिथल्या पक्षीमित्रांच्या गटाचे प्रमुख. फोनवर म्हणाले, "उमाशंकरजी, नुसते आकडे नकोत. कोण सोबत होतं, काय दिसलं, काय वाटलं, सगळं लिहा." काय वाटलं हे मला साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. भांड्याच्या दुकानात बसणाऱ्याला लोक एवढंच विचारतात, पातेलं किती लिटरचं.

तर नोंद. धामणवाडीचा तलाव, जळकोटहून स्कूटरवर पंचवीस मिनिटं. सकाळी साडेसहा. सोबत व्यंकट.

व्यंकट माझा शाळेतला दोस्त. आम्ही दहावीत असताना हा तलाव झाला आणि त्याच्या बापाचं काळं रान पाण्याखाली गेलं. पण गंमत अशी की ते कायमचं जात नाही. थंडीत पाणी ओसरायला लागलं की त्याच्या बापाचं शेत चिखलातून हळूहळू वर येतं, बांधासकट, विहिरीच्या कठड्यासकट. त्या गाळात जे पेरतात ती गाळपेर. पाटबंधारेच्या ऑफिसात अर्ज करायचा, ते एका सालापुरती परवानगी देतात. चाळीस वर्षं हा माणूस दरसाल अर्ज करून आपलंच शेत मागून घेतो आणि हरभरा पेरतो. मी असतो तर एकदा तरी ऑफिसात जाऊन टेबल बडवलं असतं. हा गूळ-शेंगा घेऊन जातो.

अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरनं मला चालायला सांगितलं तेव्हा व्यंकटच म्हणाला, "रस्त्यानं काय चालतोस येड्यावानी, तळ्यावर ये, पाखरं दावतो." तेव्हापासून थंडीतला एकही रविवार चुकला नाही. नावं मी पुस्तकातून काढतो. पाखरं तो दाखवतो.

आज थापट्या बदक १३, शेकाट्या ९, वारकरी पाखरं साठेक. कादंब हंस नाहीत. दात वाजायची थंडी अजून पडली नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आले. पट्टकादंब आले. राखी अंगाचे, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, हिमालय ओलांडून आमच्या जळकोट तालुक्यात.

"आलीत," व्यंकट म्हणाला तेव्हा दुर्बीण माझ्या गळ्यात होती आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग आवाज आला, मग रांग दिसली. दरवर्षी असंच होतं आणि दरवर्षी मला त्याचा राग येतो.

माझी मोजणी ४२. व्यंकटची ४६. त्याची पद्धत अशी, डाव्या खिशात चिंचोके, दहा पाखरं झाली की एक चिंचोका उजव्या खिशात. मी म्हणालो, "बेचाळीसच आहेत." तो म्हणाला, "चार त्या बाभळीच्या मुळाशी निजलेत, उम्या." होते. मी वहीत ४६ लिहिलं.

त्याचा हरभरा बोटभर वर आलाय. कादंब पहाटे त्यात शिरणार आणि शेंडे कुरतडणार. पाण्याकडची पाच-सहा तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, तो यांच्यासाठीच पेरतो, ती राखत नाही. "एवढ्या लांबून आल्यात, उपाशी ठिवायची का?" म्हणतो. बाकीचे गाळपेरवाले त्याला हसतात.

दुपारी सरांना फोन केला. ते म्हणाले, मागच्या पाच हिवाळ्यांचे आकडे असतील तर हा तलाव पक्ष्यांसाठी राखीव करायचा प्रस्ताव पाठवता येईल. मी म्हणालो, पाच नाही, अकरांचे आहेत. त्यांनी आकडा परत एकदा विचारून घेतला. मग म्हणाले, "उमाशंकरजी, तुम्ही काय करून ठेवलंय याची तुम्हाला कल्पना नाही."

जेवण गेलं नाही. आनंदानं.

३ डिसेंबर

तीन दिवस जुन्या वह्यांतून आकडे उतरवून राहिलो. सरांनी छापील फॉर्म पाठवलाय. तारीख, वेळ, जात, संख्या, निरीक्षकाचं नाव. निरीक्षक म्हणून सगळीकडं माझंच नाव घातलं. खरं तर निम्म्याहून जास्त आकडे व्यंकटच्या चिंचोक्यांचे. पण चिंचोके कुठल्या रकान्यात लिहायचे?

माझी बायको अंबिका चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून बघत उभी राहिली. म्हणाली, "भाऊजींचं नाव कुठाय?"

"रकाना एकच आहे."

"मग एका रकान्यात दोन नावं मावत न्हाईत व्हय?"

हिला फॉर्म भरायची सवय नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सर आले. नांदेडहून पहाटे निघून मुखेडमार्गे, सोबत स्टँडवरची मोठी दुर्बीण. कादंब ६१० (व्यंकट ६१०, सर ६०४, मी पाचशेच्या पुढं गोंधळलो). सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. या वयात पाठीवर थाप बसली की काय होतं ते लिहून दाखवता येत नाही.

व्यंकटनं सगळ्यांसाठी भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी आणली होती. सर दोन भाकरी जेवले. जेवताना त्यांनी विचारलं, "हा हरभरा कुणाचा?"

"माझाच की," व्यंकट म्हणाला. "बापजाद्याचं रान हाय. ती काय हीर दिसायली, ती माझ्या आज्यानं खांदली."

सर नुसतं "हं" म्हणाले.

निघताना गाडीपाशी त्यांनी मला प्रस्तावाचा मसुदा दिला. घरी येऊन वाचला. भाषा फार छान. माझं नाव पहिल्याच पानावर, 'स्थानिक अभ्यासक' म्हणून. कलम चार मात्र दोनदा वाचलं. 'जलाशयाच्या गाळक्षेत्रातील पेरणी व मानवी वावर पूर्णतः बंद करण्यात यावा.'

सरांना फोन लावला. म्हणालो, गाळपेरीची चोवीस घरं आहेत. ते म्हणाले, "त्यांना दुसरीकडं काहीतरी देतीलच. आणि तसंही, ऑफिस सालापुरतीच परवानगी देतं ना? हक्काची जमीन थोडीच आहे." ते खरंच आहे. कायद्यानं बघितलं तर ते व्यंकटचं रान नाही. चाळीस वर्षांपूर्वीच गेलेलं आहे.

व्यंकटनं संध्याकाळी फोन करून विचारलं, "सर एवढं काय लिवून घ्यायले होते?"

"पाखरांचं," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. "कुणी तरी लिवाय पायजे."

२२ डिसेंबर, रविवार

कादंब ६८०. धुकं फार होतं, व्यंकटच्या आकड्यावर भरवसा ठेवला.

सरांचा निरोप आला. प्रस्तावाला एका गाळपेर शेतकऱ्याची लेखी संमती जोडली तर वजन येईल. एकच पुरे, पण जुना माणूस हवा. म्हणाले, "तुमचे ते मित्र आहेतच की."

दिवसभर सांगीन सांगीन म्हणत राहिलो. सकाळी मोजणी चालू होती, मोजताना बोलत नाहीत. नंतर त्याला खुरपणीची घाई. सांगायचं तर नीट बसून सांगायला पाहिजे, असं वाऱ्यावर नको.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

वेळ अमावस्या. आमच्याकडं येळवस म्हणतात. आज लातूर जिल्ह्यात गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. शेतकऱ्यानं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि ज्याला रान नाही त्या माणसाला बोलावून जेवू घालायचं. मला रान नाही. तीस वर्षं आमचं जेवण व्यंकटकडं.

अंबिका आणि मी दहालाच पोचलो. व्यंकटच्या बायकोनं, सिंधुवहिनींनी, भज्जी केली होती, उंडे, आंबील, गव्हाची खीर. व्यंकटनं आंबिलीचा माठ घेऊन रानाभोवती शिंपत फेरी मारली. पाण्याच्या कडेला गेला तसा चाल हळू केली, कारण पन्नास पावलांवर कादंब बसलेले. मला म्हणाला, "यांच्या वाटणीची पन शिंपली." आंबील मी पाच पेले प्यालो. डोळ्यांवर झापड यायला लागली.

खरंच सांगायचं ठरवून गेलो होतो. कागद खिशात होता. पण सणाचा दिवस, वहिनी वाढून राहिलेल्या, कलम चार कुठं काढायचं? जेवण झाल्यावर कोपीच्या सावलीला पडलो होतो तेव्हा म्हणालो, "व्यंकट, एक सही लागते. पाखरांच्या कामाची."

"दे इकडं. कुठं करायची?"

मी जागा दाखवली. त्यानं हात धोतराला पुसला, कागद माझ्याच पाठीवर ठेवून सही केली. पाठीवर पेन टोचल्याचं कळत होतं. म्हणाला, "वाकडी आली, तू हललास." मी हललो नव्हतो.

परत येताना स्कूटरवर मागून अंबिकानं विचारलं, "कशावर घेतली सही?"

मी म्हणालो, वारा आहे, ऐकू येईना.

नंतर सांगता येईल. मंजूर होईलच असं कुठं आहे. झालंच तर दोन-तीन वर्षं लागतील, सरकारी काम. उगंच त्याच्या जिवाला आत्तापासून घोर कशाला लावायचा? मी त्याचा विचार करूनच बोललो नाही.

९ जानेवारी २०२५

पेपरात आलं. 'धामणवाडी तलाव पक्ष्यांसाठी राखीव करा', खाली माझा फोटो, गळ्यात दुर्बीण. 'अकरा वर्षे एकट्याने केलेली तपश्चर्या' असं छापलंय. एकट्याने हे मी सांगितलेलं नाही. पेपरवाल्यांनी आपल्या मनानं घातलं. शेवटच्या ओळीत 'गाळपेर बंद करण्याची मागणी, शेतकऱ्यांचीही संमती' असं आहे.

बारा अंक घेतले. मठातल्या स्वामींनाही एक पाठवला. दुकानात दिवसभर माणसं येऊन अभिनंदन करून गेली. अंबिकानं अंक वाचला, घडी घातली, परत टेबलावर ठेवला. इतकी वर्षं संसार केला, नवऱ्याचं एक काम पेपरात आलं तर 'चांगलं झालं' म्हणायला काय जातं?

१२ जानेवारी, रविवार

व्यंकट तळ्यावर आला नाही. अकरा हिवाळ्यांत पहिल्यांदा. फोन वाजला, उचलला नाही. त्याच्या रानात कुणी दिसलं नाही. एकट्यानं मोजायला बसलो, तीनदा मोजले, तीन वेगळे आकडे. ७०० लिहिलं.

बरं नसेल.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ घेऊन तो संध्याकाळपर्यंत येतोच. आला नाही. मी दुकान आठपर्यंत उघडं ठेवलं. नोकराला म्हणालो, गिऱ्हाईक आहे.

पेपर वाचला असणार. वाचला तर वाचला. येऊन विचारावं की माणसानं तोंडावर. मी काय वाघ आहे? हे असं मुकाट बसणं मला पटत नाही. दोस्तीत असं करतात?

१९ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहायचं.

आज पाहणी होती. सर, वनखात्याचे दोन साहेब, आणखी कोण कोण. आजच्या मोजणीवर सगळं अवलंबून. मी सहालाच तलावाच्या भिंतीवर जाऊन उभा राहिलो. कादंब सातशेच्या खाली नव्हते. गाळात बसलेले, काही माना पाठीत घालून झोपलेले. साहेबांच्या गाड्या वळणावर दिसल्या आणि पलीकडून पहिला सुतळी बॉम्ब फुटला.

मग दुसरा. मग डबे, ताटं, आरोळ्या. चोवीस घरांतली माणसं, बायकासुद्धा, गाळाच्या कडेनं ओळीनं वाजवत पुढं सरकली. सगळे कादंब एकदम उठले. इतके एकदम उठलेले मी कधी बघितले नव्हते. एक चक्कर मारली आणि तेलंगणाच्या बाजूला गेले. साहेब गाडीतून उतरले तेव्हा तळ्यावर अकरा होते. सर मोजत होते आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

ओळीच्या मधोमध व्यंकट. हातात पितळी परात, पोरीच्या लग्नात मीच दिलेली. पळीनं बडवत होता. मला बघितलं. थांबला नाही.

ज्या माणसानं मला पाखरू म्हणजे काय ते दाखवलं, ज्यानं यांच्यासाठी हरभऱ्याची तासं सोडली, त्यानंच. मला आयुष्यात कुणी असं फसवलेलं नाही.

२० जानेवारी

रात्रभर डोळा लागला नाही.

टायफॉइड झाला तेव्हा त्याला लातूरला कुणी नेलं? मी. त्याच्या पोरीची सोयरीक कुणी जमवली? मी. ऑफिसात साहेब त्याचा अर्ज दाबून बसला होता तेव्हा सोबत कोण गेलं? मीच. मी त्याचं आजपर्यंत काय घेतलं? काही नाही. एक सही घेतली, ती पण पाखरांसाठी. माझ्यासाठी नाही.

तो गद्दार निघाला. लिहायला बरं वाटत नाही, पण दुसरा शब्द नाही.

अंबिकाला म्हणालो तर ती भाजी निवडत म्हणाली, "ज्या रानात जेवलाव त्याच रानावर सही घेतली तुमी. आंबील तरी पचू द्यायची व्हती."

मी ताटावरून उठलो. घरातलं माणूसच असं बोलायला लागलं तर कुणाकडं बघायचं?

२३ जानेवारी

दुपारी सिंधुवहिनी दुकानात आल्या. काखेत परात. काउंटरवर ठेवली. मधोमध पोचे पडलेले.

"वापस करा म्हनलेत," त्या म्हणाल्या.

"दिलेली वस्तू परत घेत नाही मी."

"मग टाकून द्या." दारापर्यंत जाऊन परत फिरल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या कागदावर काय लिवलं व्हतं?"

"ऑफिसचा कागद होता."

"मालक म्हनतेत, उम्यानं दिला म्हनून वाचला न्हाई. दुसऱ्या कुनी दिला असता तर चष्मा आनाय लावला असता."

मला राग आला. म्हणालो, "पाखरं उडवायच्या आधी एकदा मला विचारायचं तरी होतं."

"तुमी इचारलं व्हतं का?"

चहा मागवला होता, तो यायच्या आत त्या गेल्या. नोकर पोरगं नसून चांगला पंचवीस वर्षांचा बाप्या आहे, तरी त्याला अक्कल नाही. म्हणाला, "परात मोडीत घालू का शेठ, पितळेचा भाव चांगला हाय." त्याला नको ते बोललो.

२ फेब्रुवारी, रविवार

कादंब परतलेत. आधी वाटलं दोनशे, मग चारशे. व्यंकट आपल्या रानात होता, लांबूनच दिसला. पाठ माझ्याकडं. हरभऱ्यातून पाण्याकडं चालला होता. पाण्याकडच्या तासांत कादंब चरत होते. मला वाटलं, आता उठवतो. दुर्बीण लावली. तो वळसा घालून लांबून गेला. एकही पाखरू उठलं नाही.

मग त्या दिवशी का उठवलीस? ही कसली तऱ्हा? मला या माणसाचं काही कळत नाही.

बोलायला जावंसं वाटलं. पण पहिल्यांदा मी का जायचं? चूक त्याची.

९ फेब्रुवारी, रविवार

मंजूर. तीन वर्षं नाही, तीन महिनेसुद्धा लागले नाहीत.

सरांचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, मी आत जाऊन ऐकला. पाहणीचा आकडा अकरा होता, साहेब प्रस्ताव परतच पाठवणार होते. पण सरांनी अकरा वर्षांच्या नोंदी पुढं ठेवल्या. त्यावर साहेब म्हणाले, गावाचा विरोध दिसतोय. मग सरांनी संमतीचा कागद काढला. सर हसून म्हणाले, "तुमच्या मित्राची ती सही नसती ना उमाशंकरजी, तर गेलं होतं सगळं. वाकडी का असेना."

यंदाचं पीक निघालं की गाळपेर बंद. पुढच्या हिवाळ्यापासून परवानगी नाही. तळ्याच्या समितीवर मी सदस्य. नांदेडला शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे.

अंबिकाला सांगितलं. तिनं देवापुढं दिवा लावलेला होता, तिथूनच म्हणाली, "झालं का मनासारखं?" मी 'हो' म्हणालो. मग फार वेळ दुकानाचा हिशोबसुद्धा उघडला नाही, नुसता बसून राहिलो. आनंद व्हायला पाहिजे होता. उद्या होईल.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल ऑफिसातला कारकून नोटिसा घेऊन धामणवाडीला गेला होता. तेवीस जणांनी देवळात येऊन सह्या करून त्या घेतल्या. चोविसावा देवळात आलाच नाही. कारकून दुकानात येऊन म्हणाला, "तुमचे दोस्त आहेत म्हणे. तुम्ही समितीवर आहात, तुम्हीच पोचवा." मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि कागद घेतला.

सकाळी सातला गेलो. दव असतानाच हरभरा उपटतात, नंतर घाटे गळतात. व्यंकट आणि सिंधुवहिनी दोघंच उपटत होती. मी बांधावर उभा राहिलो. आधी कुणीच मान वर केली नाही. मग व्यंकट उठला, कंबर धरून उभा राहिला.

"या शेठ," तो म्हणाला. "बसा."

पन्नास वर्षांत त्यानं मला शेठ म्हटलेलं नाही. लग्नात, पोराबाळांसमोर, माझ्या बापासमोरसुद्धा मी उम्याच होतो. मी म्हणालो, "व्यंकट, हे काय बोलून राहिलास?"

"कागद हाय न्हवं? आना."

मी दिला. पेनही दिलं. त्यानं कागद हातात धरला आणि परत माझ्याकडं केला.

"वाचून दावा. सगळा."

"तुला माहीतच आहे त्यात काय आहे."

"वाचा, शेठ. चष्मा न्हाई माझ्यापाशी."

मी वाचायला लागलो. गट नंबर आला, क्षेत्र आलं, चतुःसीमा आल्या. पूर्वेला पाणी, पश्चिमेला बांध, उत्तरेला जुनी विहीर. सिंधुवहिनींचे हात थांबले. मग ती ओळ आली. मी भरभर वाचून पुढं गेलो.

"ते हळू वाचा," व्यंकट म्हणाला.

"'सदर शेतकऱ्याने दिनांक तीस डिसेंबर रोजी गाळपेर बंद करण्यास स्वखुशीने लेखी संमती दिलेली आहे.'"

"तारीख काय म्हनलाव?"

"तीस डिसेंबर."

"येळवस," सिंधुवहिनी म्हणाल्या. कुणालाच नाही, हातातल्या हरभऱ्याकडं बघून.

मला लाज वाटली. इथं लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला मी हे सांगणार नाही. महिनाभर या वहीत मी फसवलं फसवलं म्हणून लिहितोय. फसवलं होतंच. फक्त ते मी लिहीत होतो त्या माणसानं नव्हतं.

मी म्हणालो, "व्यंकट, मी सांगणार होतो."

"तू..." तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "तुमी मागितलं असतं तर मी सोडलं असतं. खरं सांगतो. बायकोशी भांडलो असतो, दोन दिस जेवलो नसतो, पन सोडलं असतं. पाखरांसाठी म्हना, तुमच्यासाठी म्हना. आता काय, घेतलेलं हाय. घेतलेलं देता येत न्हाई."

मी म्हणालो, "मी साहेबांना सांगतो. सहीचं खरं काय ते सांगतो. लिहून देतो."

"आन् तेवीस जनांस्नी काय सांगता? तेंच्या पन सह्या झाल्या काल." त्यानं रानाकडं बघितलं. "एक गोष्ट तेवढी सांगा तुमच्या सरांना. हितं हरभरा असतोय म्हनून ती येतेत. पुढल्या साली निस्ता चिखल राहील. चिखल खायाला कोन हिमालयातून येतंय?"

मी हे कधीच मनात आणलं नव्हतं. अकरा वर्षं मोजत होतो, ते काय खातात हे डोळ्यांसमोर होतं, आणि पेरणीमुळं पक्ष्यांना त्रास होतो असं लिहिलेल्या सरांच्या प्रस्तावावर मीच सही करून दिली.

त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं. मी सवयीनं वळलो, पाठ पुढं केली. त्यानं माझ्या पाठीवर कागद ठेवला नाही. खाली गाळात उकिडवा बसला, कागद मांडीवर घेतला आणि सावकाश सही केली. कागदाला बोटांची माती लागली. नोटीस माझ्या हातात दिली, पेन दिलं, आणि परत ओळीत जाऊन बसला.

मी उभाच होतो. म्हणालो, "पुढच्या रविवारी..."

"हळू जावा," तो हरभरा उपटत म्हणाला. "तिकडं पाखरं बसल्यात."

मी हळू गेलो. स्कूटर भिंतीपर्यंत ढकलत नेली आणि तिथं गेल्यावर सुरू केली.